रविवारचा खोकला

चर्चच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, किल्लीवाल्या मामांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक लाकडी काउंटर, कानशींचा एक डबा आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या दोनेकशे कोऱ्या किल्ल्या. दारावर दुकानाचं नाव आहे, पण ते डोळ्यांत भरत नाही. डोळ्यांत भरते ती त्याखालची तांबडी पाटी: ‘रविवारी बंद. रविवार देवाचा.’ देवापेक्षा आपलं अक्षर लहान असावं, अशी मामांची समजूत. शिवाय त्या पाटीचा सोमवार ते शनिवार फार उपयोग व्हायचा. जो माणूस देवाला फसवत नाही, तो आपल्या घराची एक जादा किल्ली स्वतःकडे कशाला ठेवील, असं गिऱ्हाइकाला वाटे. आणि न्यायाने सांगायचं तर ते खरंही होतं. मामांनी उभ्या आयुष्यात कुणाची जादा किल्ली करून ठेवली नाही.

चर्चमध्ये मामांची जागा तीस वर्षं ठरलेली. उजवीकडची तिसरी खिडकी आणि तिच्या लगतच्या बाकाचं टोक. तिथे मामी त्यांच्या शेजारी. मी मागच्या बाकावर बसत असल्यामुळे दोघांच्या पाठींशी माझा परिचय त्यांच्या चेहऱ्यांइतकाच जुना आहे. मामा उपासना सुरू झाल्यापासून खिडकीकडे तोंड करून बसत. पाळकसाहेबांना त्याचं मोठं कौतुक. “आपण घड्याळाकडे बघतो, एकमेकांच्या कपड्यांकडे बघतो,” ते प्रवचनात सांगत, “आणि आपले मामा पाहा. उजेडाकडे तोंड करून बसलेत. याला म्हणतात एकचित्त भक्ती!” मामांची मान नम्रपणे खाली जायची. डोळे मात्र बाहेरच असायचे, कारण त्या खिडकीतून, आणि सबंध चर्चमध्ये फक्त त्याच खिडकीतून, दुकानाचं शटर दिसायचं.

आता रविवारी माणसं घराबाहेर अडकतात त्याला मामा तरी काय करणार? इतर वारी माणूस घाईत असतो, किल्ली खिशात आहे का ते चाचपून निघतो. रविवारी तो सैल असतो. दूध घ्यायला म्हणून बाहेर येतो आणि मागे दार लागतं. मग तो धावत येतो तो शटरसमोर, पाटी वाचतो आणि कपाळाला हात लावतो. तो हात कपाळाला लागला की इकडे मामांना खोकला यायचा.

कोरडा, दोन ठोक्यांचा खोकला. एक ठोका, मध्ये थोडी जागा, मग दुसरा. लगेच तोंडाला रुमाल. चपला वाजू नयेत म्हणून चवड्यांवर चालत मामा बाजूच्या दाराने बाहेर पडत. बाहेरचा संवाद मी एकदा स्वतः ऐकला आहे.

“मामा, बरं झालं भेटलात! दुकान उघडा ना, दार लागलंय आणि आत दूध उकळतंय!”

“दुकान? आज? पाटी वाचता येत नाही?”

“अहो, पण दूध...”

“दुकान काही झालं तरी उघडणार नाही. घर कुठे आहे तुमचं?”

कोटाच्या आतल्या खिशात, पवित्र शास्त्राच्या, म्हणजे छोट्या बायबलच्या, बरोबर मागे, तीन वाकड्या तारा आणि एक बारीक पाना असे. मामा गिऱ्हाइकाच्या घरी जात, दार उघडून देत आणि परत येत. दुकान बंद ते बंदच. पाटीवरच्या एकाही अक्षराला धक्का नाही. पैसे दुप्पट घेत, पण त्यातही उद्देश चांगला होता. रविवार मोडायची लोकांना चटक लागू नये. शिवाय पुढच्या रविवारी त्यातला दहावा हिस्सा दानाच्या पिशवीत न चुकता पडायचा. देवाचा वाटा मामांनी कधी बुडवला नाही, आणि हा वाटा कोणत्या वारच्या कमाईतला, असं देवानेही कधी विचारलं नाही.

मंडळीला बिचाऱ्या मामांच्या छातीची काळजी. कुणी मध आणून देई, कुणी वाफारा सुचवी, कुणी घशाच्या गोळ्या. दवाखान्यातल्या कंपाउंडरने एकदा शंका काढली, “मामा, हा खोकला रविवारीच कसा हो?” मामा म्हणाले, “फरशी गार पडते चर्चची.” कंपाउंडरने मान डोलावली, कारण फरशी खरोखरच थंड होती. पाळकसाहेब दर महिन्याला मामांसाठी प्रार्थना करीत. त्या एका खोकल्यासाठी तीस वर्षांत इतकी प्रार्थना झाली, की दुसऱ्या कुणाचा असता तर क्षयसुद्धा बरा झाला असता.

मामींना सगळं ठाऊक होतं. बायकोपासून लपतं असं फक्त नवऱ्याला वाटतं. लोकांनी दिलेल्या गोळ्या त्या एका पत्र्याच्या डबीत भरून ठेवत आणि ती डबी पिशवीत घालून चर्चला आणत. खाणार कोण? खोकला असलेला माणूस घरात नव्हताच. मामा उठून गेले की त्या त्यांचं गीतांचं पुस्तक आपल्या मांडीवर घेत, पान धरून ठेवत आणि शेवटचा आशीर्वाद दोघांचा मिळून एकटीच घेत.

एकदाच त्यांचा तोल गेला होता. त्यांची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. पुढे उभं राहून तिने मोठा उतारा तोंडपाठ म्हणून दाखवायचा होता. महिनाभर ती पोर तो घोकत होती. मामा काउंटरवर किल्ली घाशीत आणि ती समोर स्टुलावर बसून म्हणून दाखवी. ती पुढे गेली, पहिलं वाक्य म्हटलं, आणि तिसऱ्या खिडकीपाशी दोन ठोके वाजले. पोरीने उतारा एकही चूक न करता पुरा केला. शेवटचा शब्द म्हणून तिने आपल्या बाकाकडे पाहिलं. तिथे मामी होत्या आणि मामांचा रुमाल होता. घाईत तो बाकावरच राहिला होता. ती नजर मी शिक्षक म्हणून ओळखतो. पहिला नंबर आल्याचं सांगायला घरी धावत गेलेलं आणि दाराला कुलूप बघितलेलं मूल असंच बघतं. त्या दिवशी मामी घरी गेल्यावर एवढंच म्हणाल्या, “कुणाचं दार उघडून आलात?”

असं सगळं सुरळीत चाललं असताना गेल्या वर्षी वादळ झालं आणि उजवीकडच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. कमिटीची बैठक बसली. धान्यवाल्या बाईंनी, नवऱ्याच्या आठवणीसाठी, सगळ्या खिडक्यांना रंगीत काचा देऊ केल्या. नक्षीची पुस्तिकाच त्या घेऊन आल्या होत्या. सगळे त्यावर वाकले. तिसऱ्या खिडकीच्या वाट्याला एक भलामोठा जांभळा मेंढपाळ आला होता. मामांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहराही साधारण त्याच रंगाचा झाला.

एरवी बैठकीत मामा कधी तोंड उघडत नसत. त्या दिवशी ते उभे राहिले.

“माफ करा, पण मला राहवत नाही. देवाच्या घराला श्रीमंती कशाला? ज्याला जन्माच्या वेळी धड पाळणा मिळाला नाही, त्याच्या घराला रंगीत काचा? आज काचा, उद्या झुंबर, परवा गादीचे बाक. माणसाचं चित्त एका ठिकाणी पाहिजे. एक डोळा देवाकडे आणि एक डोळा नक्षीकडे, हे चालायचं नाही. दोन धन्यांची चाकरी एका माणसाला जमत नाही!”

हे शेवटचं ते अनुभवाने बोलत असावेत. पण बोलले असे, की मी चाळीस वर्षं वर्गात घसा फोडूनही तसं कधी बोलू शकलो नाही. धान्यवाल्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. “मामा, डोळे उघडलेत माझे. मी नवऱ्याची आठवण रंगात शोधत होते.” त्यांनी पुस्तिका मिटली. मामा खाली बसले आणि त्यांनी मोठा श्वास सोडला.

तेवढ्यात आमचा सुतार उठला. सुतार सरळ माणूस. एखादी गोष्ट पटली की तिला रंधा मारून तो शेवटापर्यंत नेतो.

“मामांचं शंभर टक्के बरोबर,” तो म्हणाला. “मी म्हणतो, आणखी पुढे जा. रंगीत काच नको, कारण चित्त काचेवर जातं. मग साध्या काचेतून तर सबंध रस्ता दिसतो! गाड्या दिसतात, दुकानं दिसतात. त्यापेक्षा दुधी काच बसवू. उजेड आत येईल, जग बाहेर राहील.”

“आमेन!” पाळकसाहेब म्हणाले.

“दुधी?” मामा म्हणाले. “दुधी काच... तापते म्हणतात उन्हाने.”

“तापू दे. आपण कुठे हात लावतो?”

“आणि वारा? खिडकी उघडायची झाली तर?”

“उघडायचीच नाही. पक्क्या बसवतो. तुमच्या छातीला वाऱ्याचाच त्रास आहे, मामा!”

सगळ्यांनी प्रेमाने मामांकडे पाहिलं. मत घेतलं. मामांचा हात सर्वांत शेवटी वर गेला, तोही कोपरापर्यंतच. पण कमिटीच्या वहीत अर्धा हात लिहायची सोय नसते. ‘एकमताने’ असं लिहिलं गेलं.

काचा बसल्या त्या रविवारी मामा आपल्या जागेवर बसले आणि खिडकीकडे तोंड केलं. समोर एक पांढरा चौकोन. त्यापलीकडे रस्ता होता, शटर होतं, कदाचित कपाळाला हात लावलेला एखादा माणूसही होता. मामा कान टवकारून बसले. एक स्कूटर थांबली. मामा अर्धवट उठले. स्कूटर गेली. मामा बसले. असं त्यांनी उपासनेत अकरा वेळा केलं. शेजारच्या कापडवाल्याला वाटलं, मामांना आज पवित्र आत्म्याचा फारच स्पर्श होतोय.

दुसऱ्या रविवारी ते फक्त चारदा उठले. तिसऱ्या रविवारी त्यांनी तीस वर्षांत पहिल्यांदा प्रवचनाचा शेवट ऐकला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “मास्तर, पाळकसाहेब हल्ली लांबवतात का हो?” मी म्हटलं, “नाही. पहिल्यापासून एवढंच असतं.” त्यांना ते खरं वाटलं नाही. मध्ये कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की नाक्यावर मशीनने किल्ल्या करणारा रविवारी उघडा असतो आणि जादा काही घेत नाही. तेव्हापासून मामा जेवताना गप्प असतात, असं मामींकडून कळलं.

चौथ्या रविवारी पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून जाहीर केलं, “बंधुभगिनींनो, तुमच्या लक्षात आलं का? चार आठवडे झाले, मामा खोकलेले नाहीत!” मंडळीत आनंदाची कुजबुज उठली. कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, पण प्रत्येकाने मान अशी हलवली, जणू तो आठवडे मोजत होता. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्ष देतात. देवाने ज्याचं भलं केलं त्याने पुढे येऊन सर्वांसमोर ते सांगायचं. येत्या रविवारची साक्ष मामांची, असं ठरलं. त्याच दिवशी मामांच्या नातीचा बाप्तिस्मा होता. देवाच्या कृपेला कसा मुहूर्त सापडतो पाहा, असं पाळकसाहेब म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी मी नातीला पाहायला म्हणून त्यांच्याकडे गेलो. मुलगी आतल्या खोलीत बाळाला झोपवत होती. मामा टेबलाशी बसून कागदावर काही लिहीत होते.

“काय लिहिताय एवढं?” मामींनी विचारलं.

“साक्ष.”

“वाचा की. मास्तर आहेत, शुद्धलेखन तपासतील.”

मामांनी घसा साफ केला. “‘तीस वर्षं माझ्या छातीत एक दुखणं होतं...’”

“छातीत काय होतं हो?” मामी म्हणाल्या. “खिशात होतं ते.”

मामांनी पेन खाली ठेवलं. “मग काय सांगू? सबंध मंडळीसमोर? किल्लीवाल्याचं भांडवल काय असतं? कानशी? लोक आपलं घर माझ्या हातात देतात ते विश्वासावर. उद्या म्हणतील, हा तीस वर्षं चर्चमध्ये बसून खोटं खोकला, हा आपल्या दाराचं काय करील? दुकान बसेल माझं.”

“मी काही सांगा म्हणत नाही. खोटं सांगायचं तर तेही सांगा, तुमचं तुम्ही बघा. फक्त उद्या पोरीच्या वेळी बाकावर असा.”

आतून मुलीचा आवाज आला, अगदी शांत, “जाऊ दे गं आई. मला सवय आहे.”

मामांनी कागदाची घडी घातली आणि ती शास्त्राच्या मागे, तारांच्या खिशात ठेवली. मी शुद्धलेखन न तपासताच घरी आलो.

रविवारी मामा पुढे गेले. बाजूलाच बाप्तिस्म्याच्या पात्राजवळ मुलगी बाळाला घेऊन उभी होती. मामांनी कागद काढला, उलगडला. “तीस वर्षं,” ते म्हणाले, “माझ्या छातीत...” आणि थांबले. मुलगी त्यांच्याकडे पाहतच नव्हती. ती बाकाकडे पाहत होती. मामींशेजारची जागा या वेळी बरोबर कारणाने रिकामी होती, पण तिची नजर सवयीने तिथे गेली होती. तशीच, नऊ वर्षांच्या पोरीची.

मामांनी कागद खिशात घातला.

“मला खोकला कधीच नव्हता,” ते म्हणाले. “त्या खिडकीतून माझं शटर दिसायचं. गिऱ्हाईक दिसलं की मी खोकायचो आणि जायचो. दुप्पट घ्यायचो. आता काच दुधी आहे, दिसत नाही, म्हणून खोकत नाही. देवाने बरं केलं असं म्हणता येणार नाही. सुताराने केलं.”

आमच्या मंडळीला पापाविषयी ऐकायची खूप सवय आहे. पापाचा पत्ता आणि दर सांगितलेला ऐकायची नाही. कापडवाल्याने मांडीवरचा फोन हळूच खिशात सरकवला. धान्यवाल्या बाई विनाकारण गीतांचं पुस्तक चाळू लागल्या. पाळकसाहेबांनी मागच्या भिंतीवरच्या घड्याळावरून नजर काढून घेतली.

आणि तेवढ्यात बाजूचं दार उघडून सराफ आत आला. सराफ आमच्या मंडळीतला नव्हे. त्यामुळे आत काय चाललं आहे याची त्याला कल्पना नव्हती.

“मामा! अहो, इथे आहात होय? अर्धा तास शटरसमोर उभा आहे! नेहमी खोकत बाहेर येता, आज झालं काय?”

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

“तिजोरीत किल्ली मोडली,” सराफ सांगत होता. “तीन वाजता लग्न आहे, नवरीचे सगळे दागिने आत. मागाल ते देतो. मागाल ते!”

मामांनी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना खोकला आला. दोन ठोक्यांचा नव्हे. लांबलचक, डोळ्यांतून पाणी काढणारा. सबंध मंडळी जागच्या जागी ताठ झाली. मुलीने मान वळवली आणि बाळाची टोपी सारखी करू लागली.

“हा... हा खरा आहे,” मामा कसेबसे म्हणाले. “पाणी द्या कुणीतरी!”

मामी उठल्या. तीस वर्षं पिशवीत फिरणारी डबी त्यांनी उघडली. गोळ्या एकमेकींना चिकटून त्यांची एकच ढेप झाली होती. त्यातला एक टवका नखाने काढून त्यांनी नवऱ्याच्या हातावर ठेवला. मामांनी तो तोंडात टाकला आणि सराफाकडे वळले.

“बसा तिथे मागे.”

“अहो, बसू काय? लग्न...”

“तीनला आहे ना? आता साडेदहा झालेत. नातीचा बाप्तिस्मा आहे, मग प्रवचन, मग आशीर्वाद. मग येतो. बसा म्हटलं ना.”

सराफ बसला. नवा माणूस आलेला पाहून पाळकसाहेबांना उत्साह आला आणि त्यांनी प्रवचन वीस मिनिटं वाढवलं. त्या वेळात कुणी संत झालं असं मी म्हणणार नाही. मी मागेच होतो. मामांचा उजवा पाय सबंध वेळ हलत होता, मानेवर घाम होता, आणि एकदा त्यांनी सवयीने दुधी काचेकडे पाहिलंही. पण बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला त्यांनी स्वतःच्या हातांवर धरलं होतं. तेल लागलेल्या बोटांच्या रेषा टोपीवर उमटल्या. मुलीने त्या पाहिल्या आणि पुसल्या नाहीत. आशीर्वादाला मामांचं आमेन सर्वांच्या आधी आणि सर्वांपेक्षा मोठं झालं. ते संपतं न संपतं तोच ते सराफाच्या पुढे धावत बाहेर पडले.

त्या कामाचे किती घेतले? मामी सांगतात, रोजचाच दर. मामा सांगतात, सराफाने आनंदाने दिले ते. दोघंही माझ्या चांगल्या ओळखीची आहेत, म्हणून मी मधला आकडा धरतो.

दुकान बसलं नाही. सोमवारी पहिलं गिऱ्हाईक कापडवालाच होता. “मामा, तुम्ही सांगायला नको होतं,” तो कुरकुरला. “आता मला प्रवचनात फोन काढता येत नाही. माझ्या गल्ल्याची किल्ली करून द्या.” ती करून होईपर्यंत तो काउंटरशी उभा होता, आणि मामांनी ती एकच केली.

पुढच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे मागच्या बाकावर बसलो, तर पुढच्या पाठी उलटसुलट झालेल्या. खिडकीकडे मामी आणि आत मामा.

“जागा का बदलली?” मी हळूच विचारलं.

“काचेतून दिसत नाही हो,” मामी पुस्तक उघडत म्हणाल्या, “पण यांचे कान अजून चांगले आहेत.”